पुलाखालची पूर्व

गाडीची चावी माझ्याकडे मागण्याचे धाडस आमच्या घरात आजवर कोणी केले नव्हते. माझ्या मुलाने, यज्ञेशने ते केले, आणि तेही सुनेसमोर, ताट वाढल्यावर.

कारण क्षुल्लक नव्हते. आमच्या ह्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी कल्याणला न्यावे लागते. जवळच्या केंद्रांत जागा मिळाली नाही, कल्याणच्या केंद्रात सकाळची खुर्ची मिळाली. कोलशेतच्या घरून त्यांना मीच नेत आले आहे. गेल्या महिन्यात वाटेतल्या रांजनोलीच्या पुलाखाली बांधकामाच्या पत्र्यांमध्ये मी वाट चुकले. फोनमधली रस्ता सांगणारी बाई आधी डावीकडे म्हणाली, मग उजवीकडे, मग गप्प झाली. आम्ही पोहोचलो तेव्हा ह्यांच्या खुर्चीत दुसरा रुग्ण झोपला होता. त्यानंतर पुढच्या पाळीपर्यंत ह्यांचा श्वास कसा चालला, ते उशाशी बसून मी पाहिले आहे. केंद्राने बजावले होते की पुन्हा उशीर झाला तर जागा पुढच्याला जाईल.

यज्ञेशचे म्हणणे असे, की टॅक्सी ठरवू, नाहीतर तो रजा काढेल. टॅक्सीवाले पहाटे नकार कळवतात आणि रजा चार दिवसांत संपतात, हे मी त्याला सांगितले. चावी पदराला होती, तिथेच राहिली.

मी कोलशेतच्या एका कारखान्यात मोजमापाची उपकरणे जोडण्याच्या विभागाची प्रमुख होते. सोल्डरिंगचा डाग कसा चमकला पाहिजे हे मी अनेकांना शिकवले आहे. आमच्या कोळीवाड्यात लहानपणापासून डावे-उजवे कोणी सांगत नसे. खाडीकडे जा, डोंगराकडे जा, उगवतीला वळ, असेच सांगत. पुलाखाली खाडीही दिसत नाही आणि डोंगरही. तेव्हा मला हवी होती ती दिशा. गाडी खोळंबून उभी असतानाही डोळ्यांसमोर राहणारी.

मी होकायंत्र बांधायला घेतले. नखाएवढा चुंबकीय सेन्सर, एक कंट्रोलर बोर्ड, अंधारातही वाचता येईल असा छोटा पडदा, आणि वेगळी छोटी बॅटरी. जोडणी मी केली, प्रोग्रॅम सुनेने, प्राप्तीने लिहिला. ती घोडबंदर रोडवरच्या कंपनीत तेच काम करते. रविवारी मोकळ्या मैदानात गाडी गोल गोल फिरवून आम्ही यंत्राला गाडीच्या लोखंडाची ओळख करून दिली, म्हणजे त्या लोखंडाने दिशा चुकणार नाही. त्याआधी प्राप्तीने डॅशबोर्डवरची एकवीरा आईची मूर्ती काढून कप्प्यात ठेवली. मूर्तीच्या तळाला चुंबक आहे, ती आतच राहू द्या, असे ती म्हणाली. मी हो म्हटले, आणि सून देवीला टायरच्या पावत्यांवर ठेवते हे मनात धरून ठेवले.

यज्ञेशशी ठराव झाला. मंगळवारी तो सोबत येईल, पण रस्त्याबद्दल बोलणार नाही. मी विचारले तरच सांगेल, आणि मी विचारले तर चावी त्याची.

मंगळवारी सकाळी मी नव्या यंत्राला हळदकुंकू वाहिले. नवी वस्तू देवीच्या पायाशी असते, देवी कप्प्यात नसते. मूर्ती काढून मी पडद्याला खेटून बसवली. प्राप्ती तोवर कामाला गेली होती, आणि घरी असती तरी मी तिला विचारले नसते.

माजिवड्यापर्यंतचा रस्ता मला डोळे मिटूनही येतो, तिथे पडद्याकडे पाहण्याची गरज पडली नाही. महामार्गाला लागल्यावर मात्र पाहिले. ‘पूर्व’. अक्षर जरासुद्धा थरथरत नव्हते. आपली जोडणी पक्की आहे, असे मला वाटले. यज्ञेश शेजारी हात मांडीवर ठेवून बसला होता. मागे हे डोळे मिटून पडले होते, चप्पल काढलेली, पाय सुजलेले.

रांजनोलीला वाहतूक तुंबली. वळण पुन्हा बदलले होते. मला पत्र्यांच्या दोन भिंतींमधून, एका ट्रेलरच्या मागे, पुलाखालून फिरवून कुठेतरी बाहेर काढले गेले. पाटी ट्रेलरने झाकली होती. मी पडद्याकडे पाहिले. ‘पूर्व’. कल्याण पूर्वेला आहे. मी वेग घेतला.

यज्ञेशचा गुडघा हलू लागला. तो खिडकीबाहेर पाहत होता आणि ओठ आवळून होता.

“का रे, पोटात दुखतंय का?” मी विचारले.

“काही नाही. तू चालव.”

मागून ह्यांचा आवाज आला, “खाडीचा पूल अजून नाही आला गो?”

कल्याणच्या तोंडावरचा दुर्गाडीचा पूल आतापर्यंत यायला हवा होता. दोन्ही बाजूंना गोदामे होती, कापडाचे तागे भरलेले टेंपो होते. पडदा ‘पूर्व’ म्हणत होता. मी समोर पाहिले. सकाळची वेळ, स्वच्छ ऊन, आणि आमच्या गाडीची सावली आमच्या पुढे धावत होती. सूर्य पाठीशी होता. आम्ही उलट्या दिशेला, भिवंडीत शिरत होतो.

मी गाडी कडेला घेतली. यंत्र चुकले आहे एवढे कळले. का चुकले ते शोधायला वेळ नव्हता. परत कुठून वळायचे? दुभाजक अखंड होता, समोरचा फाटा एकेरी असेल की दुहेरी, ठाऊक नव्हते. अंदाजाने निघाले असते तर कदाचित साधलेही असते. आरशात मी ह्यांच्याकडे पाहिले. ते तोंडाने श्वास घेत होते.

“ही बया मला भिवंडी दाखवायला निघालीय,” ते डोळे न उघडताच म्हणाले. “साडी घेऊन देणार असशील तर लवकर घे.”

यज्ञेश माझ्याकडे बघत होता. त्याने शब्द पाळला होता. त्यासाठी बापाच्या श्वासाकडे पाठ करून बसला होता. तो माझाच मुलगा आहे, हे मला त्या क्षणी फारसे आवडले नाही.

“यज्ञेश,” मी म्हटले, “रस्ता सांग.”

त्याने क्षणही दवडला नाही. पुढच्या पंपापाशी वळ, डावी लेन धर, पुलाखाली ट्रकच्या आधी घूस. मी सांगितले तसे चालवत गेले. आयुष्यात मी असे कोणाचे ऐकून चालवले नव्हते. एका हाताने त्याने केंद्रात फोन लावला. खुर्ची थोडा वेळ अडवून ठेवू, पण फार नाही, असे उत्तर आले. दुर्गाडीवर पुन्हा गर्दी होती. तो खिडकीतून हात बाहेर काढून रिक्षावाल्यांची मनधरणी करत होता. आम्ही पोहोचलो तेव्हा पुढच्या रुग्णाच्या नातेवाइकाने पिशवी खुर्चीवर ठेवली होती. नर्सने ती उचलून त्याच्या हातात परत दिली.

ह्यांच्या दंडात सुया लागल्याचे पाहून मी गाडीत येऊन बसले. मग मूर्ती उचलून मांडीवर घेतली. पडद्यावरचे अक्षर झरझर बदलले आणि ‘दक्षिण’ वर स्थिरावले. मी सूर्याकडे पाहून पडताळले. बरोबर होते. मूर्ती पुन्हा टेकवली, ‘पूर्व’. उचलली, ‘दक्षिण’.

यज्ञेश खिडकीशी उभा राहून पाहत होता. “म्हणजे यंत्र बरोबर आहे,” तो म्हणाला. “आई, मग त्या ठरावाला काही अर्थ नाही.”

“ठराव यंत्राशी नव्हता.”

मी पदराची गाठ सोडली आणि चावी त्याच्या हातावर ठेवली. प्राप्तीला मी तिथूनच फोन केला. मूर्तीचे तू सांगितले होतेस, मी ऐकले नाही, एवढेच बोलले. मग तिने विचारले की बाबा कसे आहेत.

परतताना मी मागच्या सीटवर बसले. इतक्या खेपा झाल्या, पण डायलिसिसनंतर हे कसे दिसतात ते मी आरशापलीकडे कधी पाहिलेच नव्हते. दंडाला पट्टी, ओठ कोरडे, अंग एवढे गार की मी पदर त्यांच्या हातांभोवती गुंडाळला. त्यांनी डोके माझ्या खांद्यावर टाकले.

“काय गो, ड्रायव्हरला खाली उतरवलं?”

“गप्प बसा.”

ते झोपी गेले. दुर्गाडीच्या चढावर गाडी गचके देऊ लागली.

“गिअर बदल, यज्ञेश,” मी हलक्या आवाजात सांगितले. “आणि परवा निघायला उशीर चालणार नाही.”