रिपोर्ट फोडले कोणी?

"माझ्या सासूबाईंनाही मी अजून सांगितलेलं नाही, मग फोन करून औषधं विकणाऱ्या त्या बाईला माझा रिपोर्ट कळलाच कसा?" समोरच्या पेशंटनं विचारलं आणि डॉक्टरीणबाईंनी हातातली फाईल बाजूला ठेवली. मूल होत नाही म्हणून येणाऱ्या जोडप्यांचा तो दवाखाना. इथली गोष्ट बाहेर गेली तर एखादीचा संसार मोडायचा! आणि असा फोन आलेली ही काही पहिलीच नव्हती.

बाईंची नजर काचेपलीकडे काउंटरवर गेली. तिथे मावशी बसायच्या, दवाखाना उघडल्यापासून त्याच. कोण रडत आलं, कोण हसत गेलं, सगळं त्यांना ठाऊक. झालं! संशयाचं भूत मानगुटीवर बसलं. मावशी फोनवर हळू बोलल्या की बाईंचे कान टवकारायचे. मावशींनी नवी चप्पल घेतली तर बाईंच्या मनात यायचं, हिला आताच कशी सुचली? मावशी हसल्या तरी चोर, गप्प बसल्या तरी चोर!

"आत्या, ॲपवर संशय घेऊ नकोस हं," भाचा म्हणाला. पेशंटना मोबाईलवर रिपोर्ट दाखवणारं दवाखान्याचं ॲप त्यानंच बनवलं होतं. "पासवर्ड आहे, वर ओटीपी आहे. मुंगी शिरायची नाही आत. तू माणसांकडे बघ."

बाईंनी बघितलं. भरल्या वेटिंग रूममध्ये, पेशंटसमोर, त्यांनी मावशींना पर्स उघडायला लावली. चष्म्याची डबी, रुमाल आणि खोकल्याच्या गोळ्या निघाल्या. मावशींचा चेहरा पांढराफटक पडला.

"छडा लागेपर्यंत येऊ नका," बाई म्हणाल्या.

मावशी गेल्या. पेशंटना येणारे फोन मात्र थांबेनात! जाताना नंबर घेऊन गेली असेल, बाईंचं मन म्हणालं. मग त्यांनी सापळाच लावला. खोटं नाव, स्वतःच्या दुसऱ्या सिमचा नंबर, खोटा रिपोर्ट, सगळं स्वतः भरलं आणि ॲपमधून तो रिपोर्ट स्वतःच्याच मोबाईलवर उघडून पाहिला. या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्या नंबरवर फोन वाजला.

"ताई, तुमच्या रिपोर्टचं कळलं, फार वाईट वाटलं हो. आमच्याकडे एक औषध आहे..."

बाईंनी फोन कट केला. अरे देवा! हे तर मावशींना माहीत असणं शक्यच नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी दिराला बोलावलं. बँकेतले कॉम्प्युटर आणि ॲप्स सुरक्षित आहेत का, हे तपासणं हे त्याचं काम. त्यानं मोबाईल चाळला.

"वहिनी, फोटोतल्या सुरकुत्या पुसणारं फुकटचं ॲप? तुम्हाला हो कशाला हवंय?"

"थट्टा पुरे, भावजी! त्याचा इथे काय संबंध?"

"आहे. दाखवतो."

त्यानं लॅपटॉपवर एक चिमुकलं ॲप तयार केलं, बाईंच्या मोबाईलमध्ये टाकलं आणि बटण दाबलं. पासवर्ड नाही, ओटीपी नाही, खोटा रिपोर्ट जसाच्या तसा समोर! शेजारी उभ्या भाच्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"पुढच्या दाराला तू भलंमोठं कुलूप लावलंस," दीर त्याला म्हणाला, "पण तुझ्या ॲपचा रिपोर्ट देणारा भाग मागच्या बाजूनं सताड उघडा आहे. मोबाईलमधल्या कुठल्याही ॲपनं 'दे' म्हटलं की तो देऊन मोकळा. बाबा, तू कोण, एवढंसुद्धा विचारत नाही! ते सुरकुत्यावालं ॲप ज्यांच्या ज्यांच्या मोबाईलमध्ये आहे, त्यांचे रिपोर्ट ते तिथूनच नेतंय आणि पुढे विकतंय."

"आपलंच दुसरं ॲप आहे ना, गोळ्यांची वेळ सांगणारं," भाचा पुटपुटला. "त्याला रिपोर्टमधल्या तारखा लागतात, म्हणून उघडा ठेवला. म्हटलं, आपल्याशिवाय कोण येतंय तिथे?"

"अरे शहाण्या, घरच्या पोराला किल्ली देतात, की गावासाठी दार उघडं टाकतात? तुझी डिजिटल सही असलेल्या ॲपलाच आत घे, बाकीच्यांना बंदी कर. आणि ज्या भागाचं बाहेर काहीच काम नाही, तो उघडाच का ठेवायचा?" मग तो बाईंकडे वळला. "वहिनी, मावशींची पर्स तुम्ही तपासलीत. हे ॲप एकदा तरी कोणाकडून तपासून घेतलं होतंत?"

बाईंची मान खाली गेली. भाच्यानं त्याच रात्री ते दार बंद केलं.

बाई मावशींच्या घरी गेल्या. मावशी जिन्यातच भेटल्या. "माझं चुकलं, मावशी. परत या."

"येईन की. पण मॅडम, अब्रू चारचौघांत काढलीत, आणि माफी इथे जिन्यात मागताय?"

म्हणून दुसऱ्या दिवशी, वेटिंग रूम भरलेली असताना, बाई मधोमध उभ्या राहिल्या. मावशी निर्दोष आहेत, चूक आमच्या ॲपची आणि माझी, तुमचे रिपोर्ट बाहेर गेलेत, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. काही जण उठून गेले. त्यांना कोणत्या तोंडानं थांबवणार?

ती पहिली पेशंट मात्र बसून राहिली. "दार बंद केलंत, चांगलं झालं," ती म्हणाली. "पण परवा आलेला फोन सासूबाईंनी उचलला, मॅडम. आता त्यांना कळलेलं परत कसं घेऊ?"

मावशी काउंटरमागून उठल्या आणि तिच्या शेजारी जाऊन बसल्या.

मंडळी, काहीही फुटलं की आपलं बोट आधी समोरच्या माणसाकडे जातं, कारण ते सोपं असतं. ॲप बनवणाऱ्यानं आपल्या कामातलं एकेक दार स्वतः ढकलून बघावं, बनवून घेणाऱ्यानं ते त्रयस्थाकडून तपासून घ्यावं, आणि वापरणाऱ्यानं फुकटचं ॲप मोबाईलमध्ये घेण्याआधी दहादा विचार करावा. कुलूप नंतरही लावता येतं, पण बाहेर गेलेली गोष्ट कोणालाही परत आणता येत नाही!