इंजिनिअरिंग सोडल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

गव्हाणच्या नाक्यावर बॅनर लागल्याशिवाय गावात काही घडत नाही. म्हणजे घडतं, पण ते कुणी खरं धरत नाही. बारसं असो, नवी गाडी असो, शर्यतीत बैल जिंकलेला असो. आधी बॅनर, मग पेढे. मितालीला पनवेलच्या कॉलेजात मेकॅनिकलला प्रवेश मिळाला, तेव्हा तिच्या बाबांनी, तुळशीरामांनी, नाक्यावर बसस्टॉप झाकून जाईल एवढा बॅनर लावला होता. त्यावर मितालीच्या डोक्यात पिवळं हेल्मेट होतं आणि मागे कुठल्याशा परदेशातला झुलता पूल. हेल्मेट आणि पूल दोन्ही पनवेलच्या बॅनरवाल्या परेशने हौसेने घातलेले.

त्या दिवसापासून मिताली इंजिनिअर झाली. शिकायचं तेवढं राहिलं होतं, पण ती किरकोळ बाब. शेजारपाजारच्या बायका मिक्सर घेऊन दारात यायला लागल्या. करंजाहून काशिराममामा बोटीचं इंजिन टेम्पोत घालून घेऊन आला. मितालीने इंजिनाकडे बघितलं, इंजिनाने मितालीकडे बघितलं. शेवटी काहीतरी बोलायला हवं म्हणून ती म्हणाली, "मामा, याला जरा आराम द्या." मामाने इंजिनाला आराम दिला आणि ते बेटं पुढच्याच आठवड्यात आपोआप चालू झालं. मग काय विचारता, पोरीचं नाव पार उरणपर्यंत गेलं.

कॉलेजात मात्र तिचे हाल कुत्रा खात नव्हता. वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा घासून चौकोनी करायला दिला, तर तिचा गोल झाला. सरांनी तो पेपरवेट म्हणून टेबलावर ठेवून घेतला. दोन वर्षांत तिच्या हातून घडलेली उपयोगी वस्तू म्हणजे तेवढीच.

एकदा प्रॅक्टिकल चुकवायला म्हणून ती आवारातल्याच आर्ट्सच्या इमारतीत शिरली आणि समोर दिसलेल्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसली. तो भूगोलाचा वर्ग होता. तिथल्या मॅडमनी भिंतीवर एक जुना नकाशा लावला होता आणि त्यावर गव्हाणची खाडी होती, बांध होते, मिठागरं होती. आज जिथून कंटेनर धावतात तिथे निळा रंग होता. मितालीला एकदम भरून आलं. बाबा जेवताना सांगायचे ते आजोबांचं मिठाचं आगर खोटं नव्हतं तर! ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, मग रोजच जायला लागली. चाचणी परीक्षेत ती त्या वर्गात दुसरी आली, तेव्हा कुठे मॅडमच्या लक्षात आलं की ही मुलगी त्यांच्या हजेरीत नाहीच. त्यांनी रागवायचं सोडून सांगितलं, "एक जागा आहे. सोमवारपर्यंत वडिलांना घेऊन ये."

मितालीने भूगोलाचं घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "हां हां," आणि टीव्हीचा आवाज वाढवला. दुसऱ्या दिवशी तिने टीव्ही बंद करून सांगितलं.

"आगं, बॅनरवर इंजिनिअर लिवलाय," बाबा म्हणाले.

"तो बॅनर आता हितेशकाकाच्या खुराड्यावर हाय, बाबा. कोंबड्या बसतात त्याच्याखाली."

"मंग? फाटलाय थोडाच?"

शनिवारी ती तडक परेशच्या दुकानात गेली आणि मजकूर सांगितला: 'कु. मिताली हिने इंजिनिअरिंग यशस्वीरीत्या सोडल्याबद्दल व भूगोलात पदार्पण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.'

परेशची पापणीही लवली नाही. "शुभेच्छुक कोण? बिना शुभेच्छुक बॅनर होत नाही हां ताई, बेकार दिसतं."

तिने काका, मामा, मंडळाचे सगळे पदाधिकारी सांगितले. त्यांचे फोटो परेशकडे तयारच असतात. "आणि पप्पांचा?" त्याने विचारलं. मिताली म्हणाली, "नको." परेशने आपल्या मनाने मितालीच्या फोटोमागे एक पृथ्वीचा गोल आणि वर एक विमान टाकलं.

रविवारी सकाळी नाक्यावर नुसता गोंधळ. मितालीला वाटलं, इंजिनिअरिंग सोडल्यावरून लोक खवळलेत. पण भांडण वेगळंच होतं. हितेशकाकाचा फोटो काशिराममामाच्या खाली लागला होता.

"मी सख्खा काका! आन् हा करंजाचा मानूस माज्या डोक्यावर?" काका ओरडत होता.

"माजा इंजिन पोरीनं बरा केलाय!" मामा म्हणाला.

देवळात बैठक बसली. फोटो कुठल्या क्रमाने लावावेत यावर जेवायची वेळ टळून गेली तरी चर्चा चालली. शेवटी मितालीलाच राहवेना. ती उभी राहून म्हणाली, "अवो, मी इंजिनिअरिंग सोडलंय!"

"ते बॅनरवर हाय, वाचलाय आमी," हितेशकाका खेकसला. "तू मधी बोलू नको." सगळे फोटो पृथ्वीच्या भोवती गोल लावावेत, म्हणजे वरखाली कुणीच नाही, असं एकमताने ठरलं आणि लोक मितालीकडे पेढे मागून घरी गेले.

तुळशीराम सगळा वेळ देवळाच्या खांबाला टेकून बसले होते. त्यांच्याशी कुणी बोललं नाही. बॅनरवर कोण नाही हे सगळ्या गावाने पाहिलं होतं. ते उठले आणि चालत नाक्यावर गेले. मिताली मागोमाग गेली. बाबा बॅनरखाली मान वर करून उभे होते. उद्या सोमवार होता, आणि तिला रडू येत होतं.

"सगल्या गावाचा फोटो हाय," बाबा म्हणाले. "माजा कुठं हाय?"

"तुमी शुभेच्छुक हाय का नाय, ते मला ठाव नव्हतं, बाबा."

बाबांनी खिशातून फोन काढला आणि परेशला लावला. "आरं, त्यो विमान काढ पयला. पोर कुठं जात नाय, पनवेललाच हाय. आन् माजा हळदीतला गॉगलवाला फोटो हाय ना तुज्याकडं, त्यो टाक."

"गोलात कुठे टाकू, शेठ? काकांच्या बाजूला की मामांच्या?" परेशचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता.

"गोलात नको," तुळशीराम म्हणाले. "पोरीच्या बाजूला टाक. न् उद्या सकाली नको येऊ लावायला. सकाली आमी दोघं कालेजात जातंव."