सात नंबरची नळी

साहेबांनी रक्त काढायची सुई नरहरच्या हातात दिली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. निजामाच्या या सरकारी प्रयोगशाळेत मला अठरा वर्षं झाली. ब्राह्मण असून जंतू वाढवायला लागणारं मटणाचं पाणी उकळतो. अंघोळ केल्याशिवाय बायको, इंदुमती, मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही. आणि हा मुंबईहून शिकून काल आलेला, लगेच सुई!

धडधाकट माणसाच्या रक्तातही जंतू असतात का, हे काझीमसाहेबांना बघायचं होतं. नामपल्ली स्टेशनचे हमाल, चिक्कडपल्लीचे मास्तर, तालमीतला एक पैलवान, असे वीस जण आले. नरहरनं रक्त काढून माझ्या पाण्यात सोडायचं आणि नळीला कापसाचं बूच लावायचं. पाच दिवसांत पाणी गढुळलं तर जंतू, नाहीतर रक्त साफ.

तिसऱ्या दिवशी वीसही नळ्या नितळ होत्या. असा हात सगळ्या हैद्राबादेत नाही, म्हणून साहेबांनी नरहरची पाठ थोपटली. माझ्या पाण्याचं नावसुद्धा नाही. जळलो हो, खोटं कशाला बोलू? दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा पैलवानाच्या, सात नंबरच्या नळीचं बूच काढलं, आत फुंकर मारली आणि बूच परत बसवलं.

पाचव्या दिवशी सात नंबर ताकासारखी झाली. आता नरहरची चांगली खरडपट्टी निघणार म्हणून मी कान टवकारून उभा. साहेब वळले ते माझ्याकडेच.

"पानी कच्चा रह गया क्या, वैजनाथराव?"

नरहर म्हणाला, "नाही साहेब. काकांचं पाणी कधी कच्चं राहत नाही. माझाच हात चुकला असेल."

साहेबांनी सुई त्याच्याकडून काढून माझ्या हातात दिली. अठरा वर्षं जिच्यावर डोळा होता, ती अशी मिळाली. पैलवान पुन्हा टोचून घ्यायला नक्को म्हणाला, तेव्हा नरहरनंच बाही वर केली.

"घ्या काका."

शीर चांगली ठसठशीत होती, तरी माझी सुई दोनदा चुकली. त्यानं हात तसाच पुढे धरून ठेवला.

ती नळी पाच दिवस नितळ राहिली. साहेबांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. शेजारी उभ्या नरहरच्या कोपराशी हिरवेनिळे डाग अजून होते. त्यानं हळूच बाही खाली ओढून घेतली.