चर्चच्या कुंपणाजवळची पाटी

आई गेली आणि चाळीस दिवसांच्या आत क्रीटमधल्या आमच्या गावात रानफुलांचे जाणकार उगवले. त्यांचे म्होरके मानूसोसकाका, सांस्कृतिक मंडळाचे अध्यक्ष. आईच्या हयातीत त्यांना गाजराचा पाला आणि बडीशेप यांतला फरक ताटात वाढल्यावरही कळत नसे.

चाळिसाव्याच्या प्रार्थनेनंतर त्यांनी मला बेत सांगितला. दरीच्या वाटेवर फुलांच्या बारा पाट्या लावायच्या आणि प्रत्येकीखाली पत्र्याच्या पट्टीवर आईचं नाव: 'ओळख पटवली कल्लिओपी यांनी'. मला बरं वाटलं, हे कबूल करते. मी आईची फुलांच्या नोंदींची वही पुढे केली. वही नको म्हणाले, फोनला फोटो दाखवला की तो नाव सांगतो.

पाट्या लागल्या त्या गाडी जाते तिथवरच. अस्फोडेलची पांढरी वसंतफुलं वर डोंगरावर हजारोंनी फुलली होती, पण तिथवर चढताना उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांना धाप लागली असती. म्हणून अस्फोडेलची पाटी खाली, छोट्या चर्चच्या कुंपणाजवळ, नुसत्या पानांच्या एका झुपक्यासमोर लावली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी ती पानं चाचपली. रुंद, गुळगुळीत. अस्फोडेलच्या पानाला पाठीवर कणा असतो. मी पाच वर्षांची असताना आईने माझं बोट धरून तो दाखवला होता. आणि या पाटीखाली तिचं नाव.

मी मानूसोसकाकांकडे गेले.

"काका, तो रानकांदा आहे."

"रानकांदा उन्हाळा सरताना, शरदातल्या पावसाच्या तोंडावर फुलतो, पोरी."

"फुलतो तेव्हा. पानं आत्ता असतात."

"पासष्ट वर्षं दारावर रानकांदा टांगतोय मी. तू मला शिकवणार?"

मग आवाज उतरवून म्हणाले, दुःखात माणसाला सगळंच खटकतं. निदान आईचं नाव तरी काढा, असं मी म्हटलं. पाहुण्यांना कळवून झालंय, म्हणाले.

रविवारी सगळं गाव जमलं. मानूसोसकाकांचं भाषण सुरू असताना मी आईची छोटी कुदळ घेऊन पाटीजवळ बसले आणि खणू लागले. कुणी अडवलं नाही. शोकाच्या काळ्या कपड्यांतली बाई चर्चपाशी काहीतरी लावत असेल, असंच सगळ्यांना वाटलं. तान्ह्या बाळाच्या डोक्याएवढा कांदा वर आला, तेव्हा भाषण थांबलं.

"हा तर कल्लिओपीचा कांदा," म्हातारी गारूफालिया म्हणाली.

नववर्षाला बरकतीसाठी प्रत्येक दारावर टांगतात तोच. तीस वर्षं आई एकटीच तो खणायची, पानं छाटायची, चंदेरी कागदात गुंडाळून घरोघर पोचवायची. त्याची पानं कशी असतात, हे विचारावंसं एकालाही वाटलं नव्हतं.

मानूसोसकाकांनी कांदा माझ्या हातून ओढून घेतला आणि उलटसुलट फिरवून पाहिला. "कुणीतरी मुद्दाम आणून पुरलाय हा," ते पाहुण्यांना म्हणाले आणि तळहात खाजवू लागले. मग मनगट, मग मानही. रानकांद्याचा रस अंगाला लागला की काय होतं, हे फोनने सांगितलं नसावं.

कुदळीच्या टोकाने मी आईच्या नावाची पट्टी उचकटली आणि खिशात घातली. पाटी राहू दिली. खाली खड्डा, वर 'अस्फोडेल'. येत्या नववर्षाला गावाने आपापले कांदे शोधावेत. काय टांगलंय, हे कळणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही.

कांदा मी परत घेतला आणि आईच्या दारावर टांगला. हातमोजे तिचेच घातले होते. त्यांची बोटं मला थोडी मोठी होतात.