काही तासांची लेक

"ठेवा ती सुई खाली," सिस्टर म्हणाल्या. "फाईल वाचलीत का आधी?"

आईच्या कुशीतल्या बाळाची टाच नव्या डॉक्टरांनी कापसाने पुसलीसुद्धा होती. नवं बाळ म्हणजे रक्त तपासायचं, एवढंच त्यांच्या हाताला ठाऊक. फाईलच्या पहिल्याच पानावर सिस्टरांनी लाल अक्षरांत लिहून ठेवलं होतं: मुलीची फुप्फुसं वाढलेली नाहीत, काही तासच आहेत, आईबापांच्या इच्छेने नळी नाही, सुई नाही, फक्त ऊब आणि आईची कूस. पण पहिलं पान वाचायचं असतं, हे कॉलेजात कुणी शिकवत नसावं.

सकाळपासून हेच. आधी लसवाली बाई यादी घेऊन आली. मग अंगावर पाजायचं कसं ते शिकवणारी, हसऱ्या तोंडाने. तिला तर सिस्टरांनी दंडाला धरूनच बाहेर काढलं. वीस वर्षं झाली या वॉर्डात. जगणाऱ्यासाठी अख्खी फौज धावते. जाणाऱ्या जिवाला निवांत जाऊ द्यायचं, तर दारात एकटीने उभं राहायचं.

आत बाप लेकीकडे बघतच नव्हता. त्याचे डोळे मॉनिटरच्या पडद्यावरच्या आकड्यांना चिकटलेले. आकडा उतरला की त्याचाच श्वास अडकायचा. सिस्टरांनी इवल्या पावलाला लावलेली त्याची पट्टी सोडली आणि मॉनिटर बंद केला.

"अहो, मग आम्हाला कळणार कसं?"

"हात ठेवा तिच्या पाठीवर. आकडे कधीही बघाल. ही आजच आहे."

तो बिचकला. मग आईनेच त्याचा तळवा ओढून घेतला. एवढीशी पाठ, त्याच्या चार बोटांत मावली.

सिस्टर दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या. फरशी पुसणाऱ्या मावशींना परत पाठवलं, मेट्रनच्या फोनवर खेकसल्या. दुपार कलली तेव्हा बापाने दार किलकिलं केलं.

"अर्धा तास झाला असेल," तो हळूच म्हणाला. "मुद्दामच नाही सांगितलं. रागावू नका."

"मी कशाला रागावू, दादा."

नियमाने डॉक्टरांनीच तपासून गेल्याची वेळ लिहायची. नवे डॉक्टर आले आणि बाळाजवळ नुसतेच उभे राहिले. आता याला काय झालं, म्हणून सिस्टर वैतागून पुढे झाल्या.

स्टेथोस्कोपची चकती डॉक्टरांनी दोन्ही तळव्यांत मिटून धरली होती. तिचा गारवा जाईपर्यंत ते थांबले, आणि मग ती हलकेच त्या छातीवर टेकवली.