तीन बादशा

"पिसा की, जावईबापू. घरातल्या घरात हाय. पैसा न्हाई, चिंचोके लावायचे," म्हणत मी पत्त्यांचा जोड महारुद्रापुढं टाकला, तर समोर विंचू पडावा तसा तो बघत राहिला.

आमच्या राजेश्रीला न्यायला आला होता. तीन पत्त्यांच्या जुगाराला आमच्याकडं तिर्रट म्हणतात. त्यात त्यानं तिची शिलाई मशीन घालवली, तेव्हापासून लेक माझ्याकडं. आता म्हणे पत्ते सुटले, साखर कारखान्यावर काम लागलं. शपथ घ्यायलाही तयार. शपथेला काय, जीभ लागते नुसती.

माझा बाप पोळ्याला खेळायला बसायचा आणि जिंकूनच उठायचा. तो सांगायचा, माणूस पत्त्यानं हरत नाही, उतावळेपणानं हरतो. वाईट डाव मुकाट टाकून देता आला पाहिजे. ज्याला चिंचोका सोडवत नाही, त्याचं काहीच सुटलेलं नसतं.

म्हणून सासू असून मी बसवला जावयाला.

तो पिसू लागला. पत्ते कसे पाण्यासारखे वाहत होते त्याच्या बोटांतून. पण खेळला गपगुमान. डाव टाकला, पुन्हा टाकला. भित्र्या म्हणून डिवचलं, तर हसून चहा प्याला. एवढा धीर पत्ते सुटलेल्या माणसाचा का खेळात मुरलेल्याचा, मला कळेना. राजेश्री दारात मेथी निवडत होती, पण नजर त्याच्या बोटांवर.

शेवटच्या डावाला मी पत्ते न बघताच चिंचोके वाढवत गेले. त्यानं आपले पत्ते उचलले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बराच वेळ बसला, मग पत्ते पालथे घातले आणि सगळे चिंचोके माझ्याकडं सरकवले.

टाकलेले पत्ते बघायचे नसतात. मी बघितले. तीन बादशा. त्याच्यावर फक्त तीन एक्के.

"हे का टाकले?"

"तुमी न बघता खेळायलाव, मामी. तुमाला हरवून मला काय भेटणार?"

बोलणं गोड होतं. फारच गोड होतं. तीन बादशा टाकणारा माणूस एक तर सुधारलेला असतो, नाहीतर मोठ्या डावासाठी लहान डाव सोडणारा पक्का खेळाडू. माझ्या बापालाही सांगता आलं नसतं. आणि मोठा डाव तर दारात बसून मेथी निवडत होता.

राजेश्री उठली, पिशवी भरू लागली. मी जा म्हणाले नाही, जाऊ नको म्हणाले नाही. महारुद्र पाया पडून गाडी चालू करायला पुढं गेला, तशी ती उंबऱ्यातून मागं आली.

"माय, माझं अंथरूण आवरू नको. हाय तितंच राहू दे."

आणि गाडीवर बसली, त्याच्या खांद्याला हात न लावता.

फोनवर बरं हाय म्हणते. तेवढंच म्हणते. मी सकाळी घर झाडते, अंथरुणाच्या कडेकडेनं.