हंगामी कोच

कोच ग्रॅहमनं युनिव्हर्सिटीच्या मुलींची फुटबॉल टीम सोडली, ही बातमी राजश्री रामटेकेला तिच्या मुलीच्या आधी कळली. बर्मिंगहॅमच्या ज्या हॉस्पिटलात राजश्री लॅबमध्ये काम करायची, तिथल्याच एका बाईंची भाची त्या टीममध्ये खेळायची. जूनमधल्या एका दुपारी लंचला बसलेल्या असताना त्या बाई म्हणाल्या, "तुमचा कोच साउथहॅम्प्टनला चालला म्हणे." राजश्रीनं हातातलं सँडविच तसंच ठेवलं आणि ईशिताला फोन लावला.

ईशिता त्या टीमची असिस्टंट कोच. जन्म बर्मिंगहॅमचा, शिक्षण बर्मिंगहॅमचं. एका सेकंडरी शाळेत ती पी.ई., म्हणजे शारीरिक शिक्षण, शिकवायची आणि बुधवार तेवढा मोकळा ठेवायची, कारण युनिव्हर्सिटीच्या मॅचेस बुधवारी दुपारी असतात. राजश्री स्वतः नागपूरला वाढलेली. लग्न होऊन इंग्लंडला येईपर्यंत तिनं फुटबॉलला हातही लावला नव्हता. पण ईशिता सात-आठ वर्षांची असल्यापासून थंडीवाऱ्यात मैदानाच्या कडेला उभं राहून राहून तिला खेळ इतका कळायला लागला होता, की शेजारी उभ्या असलेल्या बापलोकांना ऑफसाइड तीच समजावून सांगायची.

"मला माहीत नव्हतं, आई," ईशिता फोनवर एवढंच म्हणाली.

ग्रॅहम एकटा गेला नाही. टीममधल्या दोन उत्तम खेळाडू मास्टर्स करायला त्याच्या मागोमाग साउथहॅम्प्टनला निघाल्या. त्यात गैर काही नव्हतं. ज्या युनिव्हर्सिटीत नाव दाखल, तिच्याकडून खेळायचं, असा लीगचा साधा नियम होता. पण बर्मिंगहॅमची टीम मात्र पार खिळखिळी झाली. स्पोर्ट्स डिपार्टमेंटनं ईशिताला बोलावून सांगितलं, की सध्या तू सांभाळ, पक्क्या कोचसाठी इंटरव्ह्यू ऑक्टोबरमध्ये घेऊ, तुलाही अर्ज करता येईल.

"म्हणजे हंगामी," घरी आल्यावर तिचे बाबा, प्रमोद, म्हणाले.

"हंगाम म्हणजे सीझन ना? मग बरोबर आहे," ईशिता म्हणाली. प्रमोदना हसू आलं, पण तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं हे राजश्रीला दिसत होतं.

टीमची सगळी भिस्त आता हमदीवर होती. हमदी गोलकीपर. स्मॉल हीथमध्ये राहणारी, सोमाली आईबापांची मुलगी, उंचीनं बेताची, पण बॉल कुठं येणार हे तिला आधीच कळायचं. उन्हाळाभर ईशिता कॅनन हिल पार्कमध्ये मुलींना जमवायची. सुट्टीत कुणावर सक्ती नव्हती, तरी हमदी रोज यायची. ऑगस्टमध्ये एकदा ट्रेनिंग संपल्यावर ती ईशितापाशी आली. राजश्री मुलीला न्यायला आली होती, ती तिथंच उभी होती.

हमदीच्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला होता. आई नव्हती, धाकटे भाऊ शाळेत. तिनं युनिव्हर्सिटीतून काही महिन्यांची रजा घेतली होती. जानेवारीत परत नाव घालून शिकायला लागणार होती. तोवर ती युनिव्हर्सिटीची विद्यार्थिनी नव्हती. आणि विद्यार्थिनी नाही, म्हणजे मॅच खेळायचा हक्क नाही.

"तुला आधी सांगायला हवं होतं," हमदी म्हणाली. "मला वाटलं, टीमच मोडेल."

ईशितानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाबांना कसं आहे, हे आधी विचारलं. टीमचा विषय तिनं काढलाच नाही. राजश्रीनं ते मनात टिपलं.

रात्रीच्या जेवणाला मात्र तिला राहवलं नाही. लीगचं वेळापत्रक त्याच दिवशी आलं होतं आणि पहिलीच मॅच होती ग्रॅहमच्या नव्या टीमशी. त्यानंतर लगेच इंटरव्ह्यू. हरलेल्या हंगामी कोचला कोण कायम करणार?

"गेल्या वर्षीचीच नावं पुढं जातात ना?" राजश्री भाजी वाढता वाढता म्हणाली. "मग राहू दे तिचं नाव. खोटी थोडीच आहे ती? तुमचीच मुलगी आहे, जानेवारीत परत येणारच आहे. कोण बघायला येतंय?"

"कोणी नाही येणार, बहुतेक," ईशिता म्हणाली.

"मग?"

"मग काय. तो चीटिंग आहे, आई."

"ते चीटिंग," राजश्रीनं सवयीनं दुरुस्त केलं, आणि आपण काय दुरुस्त करतोय हे कानावर पडल्यावर स्वतःच गप्प झाली.

"नियम चूक आहे, मला मान्य आहे," ईशिता पुढं म्हणाली. "घरी कोणी आजारी पडला म्हणून मुलगी थांबली, तर तिला तू आमची नाही म्हणायचं? पण मी गुपचूप मोडला, तर तो तसाच राहणार. लीगचं पॅनल आहे, रीडिंग शहरात. मी तिथं जाऊन सांगणार आहे."

प्रमोद आतापर्यंत निमूट जेवत होते. आंबेडकर जयंतीसाठी हॉल मिळवण्यापासून समाजाच्या दहा कामांसाठी त्यांनी वर्षानुवर्षं कौन्सिलचे उंबरठे झिजवले होते. ते म्हणाले, "जा. पण रागानं बोलू नकोस. त्यांच्याच नियमाचा हेतू काय, ते त्यांना विचार."

राजश्रीनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ईशिता आणि हमदी दोघींना गाडीत घालून रीडिंगला घेऊन गेली. पॅनलमध्ये तिघं जण होते. मधे बसलेल्या पिकल्या केसांच्या बाई अध्यक्ष होत्या. राजश्रीला मागच्या खुर्चीवर बसायची परवानगी मिळाली.

घरी मराठी बोलताना अडखळणारी आपली मुलगी इथं इतकी ठाम बोलेल, असं तिला वाटलं नव्हतं. ईशितानं आवाज चढवला नाही. बाहेरच्या खेळाडू आणून कुणी टीम भरू नये म्हणून हा नियम झाला, हे तिनं आधी कबूल केलं. मग विचारलं, की हमदी बाहेरची आहे का? तिला तिच्या युनिव्हर्सिटीनं काढलेलं नाही, तिनं सोडलेलं नाही, तिची जागा राखून ठेवलेली आहे. घरच्या आजारपणासाठी थांबलेली मुलगी आणि खेळण्यापुरती उसनी आणलेली मुलगी, दोघींना एकाच दाराशी अडवायचं, हा तुमचा हेतू होता का?

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "मिस रामटेके, एक विचारते. तुम्ही आला नसता, तर आम्हाला बहुधा कळलंही नसतं. मग का आलात?"

"कारण पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी कुणी आजारी पडेल," ईशिता म्हणाली. "आणि तिचा कोच कदाचित गप्प बसेल, किंवा तिला टीममधून काढून मोकळा होईल."

राजश्रीनं हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. आपण जेवताना काय बोललो ते तिला आठवलं, पण लाज वाटण्याआधी छाती भरून आली. ही मुलगी माझी, एवढंच तिच्या मनात पुन्हा पुन्हा येत राहिलं.

निकाल मात्र विरुद्ध गेला. हंगाम तोंडावर आलेला असताना एका खेळाडूसाठी नियम वाकवता येणार नाही, पॅनलनं सांगितलं. हमदी जानेवारीत नाव घातल्यावरच खेळेल. पण ईशिताची सूचना वार्षिक सभेपुढं आपण स्वतः ठेवू, असं अध्यक्षबाई म्हणाल्या आणि उठून तिघींना दारापर्यंत सोडायला आल्या.

परतीच्या वाटेवर ऑक्सफर्डजवळ त्या चहाला थांबल्या. चहा ढवळता ढवळता हमदीच म्हणाली, "खेळायचं नाही म्हणालेत. शिकवायचं नाही, असं कुठं म्हणालेत?"

दुसऱ्या दिवसापासून ती मेगनला तयार करायला लागली. मेगन नेटबॉल खेळणारी, हातापायांनी लांबलचक पोरगी. गोलमध्ये कधी उभी राहिलेली नव्हती. हमदी तिच्या मागं उभी राहून ओरडायची, ईशिता समोरून बॉल मारायची. वडिलांजवळ बसायला भाऊ शाळेतून घरी आले, की हमदी बस पकडून यायची.

ऑक्टोबरच्या त्या बुधवारी पिच ओलं होतं. ग्रॅहमच्या मुलींनी सुरुवातीलाच गोल केला. तोही इथून गेलेल्या मुलीनंच. पण मैदानाच्या कडेला, टचलाइनवर, उभी असलेली ईशिता शांत होती. तिनं मधल्या फळीतली एक मुलगी मागं घेतली, डावीकडून खेळायला सांगितलं, आणि हाफटाइमनंतर डावीकडूनच आलेल्या क्रॉसवर बरोबरीचा गोल झाला. शेवटी शेवटी साउथहॅम्प्टनची स्ट्रायकर एकटीच मेगनसमोर आली. हमदी बेंचवरून उठली, पण या वेळी ओरडली नाही. मेगन पुढं धावली, आडवी पडली आणि बॉल छातीशी धरून चिखलात पडून राहिली.

मॅच बरोबरीत सुटली. मुली मात्र जिंकल्यासारख्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

ग्रॅहम राजश्रीला वर्षानुवर्षं ओळखत होता. जाण्याआधी तो मुद्दाम तिच्याकडे आला. "रीडिंगचं कळलं मला," तो म्हणाला. "खरं सांगू? मी असतो तर हमदीचं नाव यादीत घातलं असतं."

"मीही," राजश्री म्हणाली.

इंटरव्ह्यूला आणखी दोघं होते, दोघंही अनुभवी. डिपार्टमेंटनं ईशिताला कायम केलं. त्यांनी कारण दिलं नाही, तिनं विचारलं नाही. नियमाचं काम अजून पूर्ण झालेलं नाही. सभा वसंतात आहे, आणि ईशिताला तिथं बोलायला बोलावलं आहे. त्या भाषणाचा मसुदा प्रमोद तिच्याकडून दर रविवारी वाचून घेतात आणि दर रविवारी काहीतरी बदलायला लावतात.

जानेवारीत हमदीचं नाव पुन्हा दाखल झालं. तिच्या पहिल्या मॅचला गवतावर दहिवर होतं. तिचा भाऊ वडिलांना व्हीलचेअरवर बसवून घेऊन आला. ते मुलीची मॅच बघायला पहिल्यांदाच येत होते. राजश्रीनं आपल्या थर्मासमधला चहा त्यांना दिला आणि कप त्यांच्या धड हातात नीट बसला की नाही ते पाहिलं. बोलताना त्यांना अजून शब्द जुळवावे लागत होते. घोट घेऊन त्यांनी गोलकडे मान केली.

"ती," ते सावकाश म्हणाले, "माझी मुलगी."

"मला माहीत आहे," राजश्री म्हणाली. मग तिनं टचलाइनकडे बोट दाखवलं. तिथं ईशिता कोट कानापर्यंत ओढून, हातवारे करून कुणाला तरी मागं बोलावत होती. "आणि ती माझी."

त्यांनी तिकडं पाहिलं, मान डोलावली, आणि दोघं मॅच बघायला लागले.